तक्रारी निरंक

१

लतिका गायधनी तुरुंग तपासायला निघाली की घरून दोन गोष्टी न चुकता घ्यायची. एक दहीभाताचा डबा आणि दुसरं शाईचं पॅड. डबा स्वतःसाठी, कारण ज्यांची तपासणी करायची त्यांच्याच ताटात जेवलं की भाजीच्या पातळपणाबद्दल लिहायला हात धजत नाही. पॅड बंद्यांसाठी. सही न येणाऱ्याचा जबाब घ्यायचा तर अंगठा हवा, आणि तालुक्याच्या तुरुंगातलं पॅड कायम वाळून कोरडंठाक झालेलं असतं.

राज्याच्या तपासणी पथकात तिची बावीस वर्षं झाली होती. नाशिकहून निघायचं, लहान लहान तुरुंग बघायचे, अठ्ठावीस रकान्यांचा छापील तक्ता भरायचा आणि दिवेलागणीच्या आत पंचवटीतल्या घरी परतायचं. पाणी, दिवे, संडास, औषधं असं करत करत अठ्ठाविसावा रकाना यायचा, 'बंद्यांच्या तक्रारी'. त्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहिला जायचा, निरंक. काहीही नाही, शून्य. सरकारी मराठीत याच्याइतका गोड शब्द दुसरा नसेल. तो लिहिला की लिहिणारा सुटतो, वाचणारा सुटतो, फाइलसुद्धा सुटते. आत बसलेला तेवढा सुटत नाही, पण त्याच्यासाठी वेगळा रकाना नाही.

त्या मंगळवारी ती घाट ओलांडून खडकझिरीला गेली. एप्रिलचं ऊन होतं. तहसील कचेरीच्या मागे चार कोठड्यांचा दगडी तुरुंग, क्षमता सोळा. दाराबाहेर चिंचेखाली एक बाई फडक्यात काहीतरी बांधून बसली होती. हवालदार जयराम किल्ल्यांचा जुडगा घेऊन सामोरा आला.

"या बाई कोण?" लतिकाने विचारलं.

"भेटीला येती मॅडम. दर मंगळवारी."

"कोणाच्या भेटीला?"

जयरामला तेवढ्यात नेमकी हवी ती किल्ली सापडेना. जुडग्यात किल्ल्या पाचच होत्या.

२

तुरुंगात गिनती जोडीने होते. बंदी दोन-दोनच्या ओळीत उकिडवे बसतात, मोजणारा जोड्या मोजून दुप्पट करतो. संख्या विषम असली तर शेवटच्या ओळीत एकटा उरतो, त्याला 'सुटा' म्हणतात. सुटलेला नव्हे, सुटा. तुरुंगात असली गंमत कोणी मुद्दाम करत नाही, ती आपोआप होते.

"अकरा जोड्या, एक सुटा," जयराम काठी हवेत नाचवत म्हणाला. "तेवीस. गिनती बरोबर."

सुटा होता केरू नावाचा साठीचा माणूस. बांधावरच्या मारामारीत आत आलेला, तारखा पडत राहिलेल्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. लतिकाच्या लक्षात आलं की तो ओळीच्या मधोमध बसलेला नाही. डाव्या अंगाला बसलाय, उजवीकडची जागा सोडून.

ती रांगेला वळसा घालून मागे गेली. मागून मोजायची तिला सवय होती, कारण मागून चेहरे दिसत नाहीत आणि मोजणी चुकत नाही. एक, दोन, तीन. पाठी आणि मानगुटी, सगळ्या घामाने ओल्या. बारा जोड्या झाल्या.

ती थांबली. पुढे येऊन पुन्हा मोजलं. अकरा जोड्या, एक केरू.

चष्मा नवा होता, आठवड्यापूर्वीचाच. वर बघायला एक नंबर, खाली बघायला दुसरा. दुकानदाराने बजावलं होतं, सुरुवातीला पायऱ्या दोन दिसतील बरं का. पायऱ्या दोन दिसतात तर माणूस का नाही दिसणार? लतिकाने चष्मा पुसला आणि स्वतःची समजूत घातली. पुन्हा मागे जाऊन मोजलं मात्र नाही.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही."

जयरामने काठी खाली घेतली. मग हळूच म्हणाला, "मागून मोजू नका. आमी कोनी मोजत नाय."

३

तुरुंगाचा कारभार नायब तहसीलदाराकडे होता. समर्थ देवरे, तिशीचा पोरगेला माणूस. निवडणूक, टंचाई, दाखले असली सतरा कामं डोक्यावर, आणि वर हा तुरुंग. चहा त्याने स्वतः आणला आणि आवक नोंदवही स्वतःच उघडून पुढे ठेवली. लपवणारा माणूस वही अशी पुढे सरकवत नाही.

"अनुक्रमांक एकसष्ट बघा मॅडम."

लहानू काळू भोये, वय एकोणतीस. गेल्या सप्टेंबरात दाखल, कोठडी क्रमांक तीन. पुढे 'सुटका, वर्ग, मृत्यू' असा रकाना होता. प्रत्येक नावापुढे तिन्हींपैकी काहीतरी एक होतं. लहानूपुढे कोरं.

"म्हणजे कुठे गेला?"

"तेच तर. मी जानेवारीत चार्ज घेतला. कोर्टात विचारलं, दवाखान्यात विचारलं, आधीच्या साहेबांना फोन केले. कुठेच कागद नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून तो गिनतीत नाही, एवढंच. आणि गिनतीत नाही म्हणून गिनती रोज बरोबर येते." समर्थने आवाज खाली आणला. "बाहेर बसतात ना, त्या त्याची आई, अंबूबाई. मी येण्याआधी त्यांना सांगितलं गेलं होतं की या नावाचा कोणी इथे नाही. मी काय वेगळं सांगू? वर कळवायला पत्र तयार केलं होतं मी. पण मग तुमचा ऑक्टोबरचा अहवाल वाचला."

त्याने तो काढून ठेवला. लतिकाचं वळणदार अक्षर, लतिकाची सही. कोठडी तीन, वायुवीजन समाधानकारक. तक्रारी निरंक.

"माझं पत्र गेलं तर पहिली चौकशी तुमची लागेल," समर्थ म्हणाला. "म्हणून ठेवून दिलं. चूक केली असेन."

लतिकाला तो दिवस आठवला. आठवला म्हणजे काय, तो विसरलाच कधी होता! घाटात गाडी पंक्चर झालेली, दुपार टळलेली, डोकं ठणकत होतं. ती आत गेलीच नव्हती. दारातूनच तिने हाक दिली होती, "काही तक्रार आहे का कोणाची?" आणि उत्तराची वाट न बघता निरंक लिहिलं होतं. शब्द लिहून झाल्यावर आतून, तिसऱ्या कोठडीकडून आवाज आला होता. "हाय मॅडम. हितं वारा नाय."

खाडाखोड नको, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं होतं. कागद स्वच्छ दिसत होता.

तिचे वडील शरच्चंद्रशास्त्री गोदाकाठी यात्रेकरूंच्या नामावळ्या सांभाळायचे. दीडशे वर्षांच्या लाल वह्या, गावोगावच्या कुळांची नावं, सही न येणाऱ्यांचे अंगठे. ते म्हणायचे, नाव लिहिलंस की पुढचं लिहिणं तुझ्याकडे लागू झालं. कोरी जागा ठेवू नये, ती वाट बघत बसते. लहानपणी लतिकाला यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता तिने नोंदवही मिटली आणि उठली.

"तिसरी कोठडी उघडा," ती म्हणाली.

४

बंदी सगळे अंगणातच होते. जयरामने दार उघडलं आणि तो उंबऱ्याबाहेर थांबला.

"चला की आत."

"मी रोज भायेरूनच कुलूप लावतो मॅडम. आत नाय जात."

लतिका वाकून आत शिरली. आत अंधार नव्हता, पण उजेडही हात राखून आलेला. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी गज वाकवून पळाला होता, तेव्हापासून खिडकी विटांनी बुजवलेली. वर एका विटेएवढं भोक ठेवलेलं. घामाचा आणि ओल्या घोंगडीचा वास होता. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

फरशीवर खडूच्या रेघा होत्या. ज्याची त्याची झोपायची जागा, दीड दीड हाताची. दीड हातात माणूस उताणा मावत नाही, कुशीवर मावतो, आणि एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागते. तिने रेघा मोजल्या. कोठडीत माणसं सहा, जागा सात. भोकाखालची सातवी जागा मोकळी होती. तिथे घोंगडी नव्हती, थाळी नव्हती, काहीच नव्हतं. बाकीच्या सहा जागा मात्र एकमेकींत घुसल्या होत्या.

इतक्या दाटीत सगळ्यात हवेशीर जागा कोणी रिकामी ठेवतं का? बसच्या सीटवर रुमाल टाकून भांडणारी आपली जात. लतिका खाली वाकली आणि तिने फरशीवर हात ठेवला.

फरशी उबदार होती.

तिने शेजारची फरशी चाचपली. ती थंडगार होती, दगडाची असते तशी. पुन्हा मोकळ्या जागेवर हात ठेवला. नुकतंच कोणी उठून गेल्यावर अंथरूण लागतं तसं लागलं. ऊन पडलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं. मग भोकाकडे बघितलं. भोक उत्तरेला होतं.

तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. श्वासाचा. आत घेताना शिट्टीसारखा, सोडताना घरघरता, आणि दोन श्वासांच्या मध्ये नको इतकी वाट बघायला लावणारा. केरूची धाप, तिला वाटलं, भिंतीपलीकडून येत असेल. ती दाराशी गेली. अंगणात दूर, पाण्याच्या टाकीपाशी, केरू ओंजळीने पाणी पीत होता. आवाज तिच्या पाठीमागे होता.

तिने मान वळवली नाही.

"जयराम," ती म्हणाली, आणि आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "केरूला इकडे पाठवा."

५

केरू आला, भिंतीला धरून आत बसला. आपल्या जागेवर, मोकळ्या जागेच्या शेजारी.

"ही जागा रिकामी का आहे बाबा?"

"रिकामी कुठं हाय? धरल्याली हाय." केरूला प्रश्नच विचित्र वाटला. "लहानूची जागा ती. आमी मोडली नाय."

"लहानू गेला ना?"

"कुठं गेला? तुमच्या वहीत लिवलंय का, गेला म्हनून?"

केरूने दम खाल्ला आणि पुन्हा बोलू लागला, एका श्वासाला चार शब्द या बेताने.

"त्या दिशी तुमी भायेर हुत्या. त्यानं सांगितलं, हाय मॅडम म्हनून. मंग म्हनला, लिवत्यात बघ. बाई शिकल्याली हाय, लिवल. आठ दिस तेच म्हनत व्हता. नवव्या रातीला दम अडकला त्याचा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर लतिकाला बरं वाटलं असतं. "आता मला धाप लागली का तो सरकतो. वाऱ्याकडची जागा मला देतो. म्हनून मी हाय. पन आता त्यालाबी पुरत नाय मॅडम. दोघांचा वारा हाय तो, आन भोक येवढंसं."

लतिका फरशीवर बसली. मांडीवर तक्ता घेतला. अठ्ठाविसावा रकाना. इथे खरं लिहायचं तर मागचं खोटं आपल्याच हाताने उघडं करायचं. चौकशी, निलंबन, निवृत्तीला बारा वर्षं राहिलेली. आणि नाही लिहायचं तर समोरचा हा म्हातारा पावसाळा बघणार नाही. दोन्ही गोष्टी तिला लख्ख दिसत होत्या. आणि ती विचार करत असतानाच तिच्या हाताने, बावीस वर्षांच्या सवयीने, रकान्यात 'नि' लिहिला.

"हाय मॅडम."

आवाज हळू होता आणि जवळचा होता. लतिकाने केरूकडे बघितलं. खोकला दाबायला त्याने पंच्याचा बोळा तोंडावर धरला होता.

तिने 'नि' वर आडवी रेघ मारली आणि नियमाप्रमाणे शेजारी सही केली. इतक्या वर्षांत तिच्या अहवालातली ती पहिली खाडाखोड.

"सांगा," ती मोकळ्या जागेकडे न बघता म्हणाली. "मी लिहून घेते. या वेळी वाट बघते."

किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. तिने लिहिलं ते मात्र स्वच्छ अक्षरात होतं. तक्रार एक. कोठडी तीनमध्ये हवा नाही, माणूस गुदमरतो. खिडकी बुजवलेली आहे. ही तक्रार ऑक्टोबरमध्ये माझ्यासमोर केली गेली होती. मी ती लिहिली नाही. मागील 'निरंक' ही नोंद माझी असून खोटी आहे. तक्रारदार लहानू काळू भोये.

मग तिने पिशवीतून शाईचं पॅड काढलं, झाकण उघडलं आणि तक्त्यासह त्या मोकळ्या जागेवर ठेवलं. वेडेपणा होता. पण जबाब घेतला की अंगठा घ्यायचा, हे तिला मोडवेना.

ती केरूच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. केरू तिच्याकडे बघत नव्हता. तो त्या जागेकडे बघत होता, आणि त्याचं तोंड हळूहळू मऊ होत गेलं, घरचं कोणी भेटीला आल्यासारखं. नव्या चष्म्याच्या अगदी कडेला, जिथे सगळं वाकडं दिसतं तिथे, काहीतरी पुढे झुकलं. एक मनगट, बारीक, हाडकुळं. लतिकाने डोळे मिटून घेतले. कागद फरशीवर किंचित घासला.

डोळे उघडले तेव्हा घरघर थांबली होती. कोठडी नुसती कोठडी होती. सहीच्या जागी ओला अंगठा उमटलेला होता.

"हात दाखव बाबा," ती केरूला म्हणाली.

केरूने दोन्ही पंजे पुढे केले. ते मातकट होते, शाई कुठेच नव्हती.

६

पुढचं सगळं भराभर झालं, सरकारी काम करायचंच ठरवलं की होतं तसं. समर्थने तिसरी कोठडी बंद करण्याचा आदेश काढला, राहिलेल्या पाच जणांना त्याच दिवशी दुसरीकडे हलवायची व्यवस्था लावली. रुग्णवाहिका आली. केरू स्ट्रेचरवर झोपायला तयार होईना, म्हणाला, मी काय मेलोय का? शेवटी बसून गेला. जाताना त्याने खिडकीची काच खाली करून घेतली आणि तोंड बाहेर काढलं.

समर्थने अहवाल वाचला. मधली ओळ दोनदा वाचली.

"मॅडम, ही ओळ... नाही लिहिलीत तरी चालेल. कोठडी तर बंद झालीच."

"राहू दे."

"आणि हा अंगठा?"

"तक्रारदाराचा आहे. तुमचं पत्रही आजच पाठवा."

त्याने पुढे विचारलं नाही. चांगल्या माणसाला कधी थांबायचं ते कळतं.

निघण्याआधी पुन्हा गिनती झाली. केरू गेल्यावर बावीस उरले होते. जयरामने अकरा जोड्या मोजल्या. मग लतिकाकडे बघून, काय वाटलं कोण जाणे, काठी बगलेत मारून तो स्वतःच रांगेच्या मागे गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. ओठ हलवत त्याने मोजलं आणि टोपी काढून कपाळ पुसलं.

"मागूनबी अकराच हायेत," तो म्हणाला. आनंद झाला की वाईट वाटलं, ते त्याच्या आवाजावरून कळेना.

७

अंबूबाई चिंचेखालीच होती. लतिका तिच्यासमोर उकिडवी बसली. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून तिने कागदच पुढे केला.

"मावशी, हा अंगठा..."

बाईला वाचता येत नव्हतं. तिने रकाने बघितले नाहीत, शिक्का बघितला नाही. तिची नजर खालच्या निळ्या ठशावर गेली आणि तिथेच राहिली. मग तिने बोट पुढे केलं. ठशाच्या रेघांतून एक कोरी रेघ तिरपी गेली होती.

"इळा लागला व्हता," ती म्हणाली. "नागली कापताना. दहा वरसाचा व्हता. मीच चिंधी बांधली."

ती त्या रेघेवर बोट फिरवत राहिली. शाई अजून पुरती वाळली नव्हती. तिच्या बोटाला थोडी लागली, ती तिने पुसली नाही.

"मी इचारायची तं म्हनायचे, या नावाचा कोनी हितं नाय. मला येड लागलं म्हनून हसायचे." तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की लतिकाला तो बघवेना. "हाय ना मंग तो आत?"

बावीस वर्षं लतिकाने होय किंवा नाही यांच्यापुढे खुणा केल्या होत्या. आता दोन्हीपैकी एकही तोंडातून निघेना. होय म्हणणं क्रूर होतं. नाही म्हणायला तिच्याकडे कागद नव्हता, आणि हातात जो कागद होता तो उलटंच सांगत होता.

"मी लिहून घेतलंय मावशी," ती म्हणाली. "उशिरा घेतलं. माझं चुकलं. पण लिहिलंय, आणि तो कुठे आहे ते लिहून मिळेपर्यंत मी सोडणार नाही."

"लिवलं ना? मंग झालं." अंबूबाईने मांडीवरचं फडकं सोडलं. आत नागलीच्या भाकरी होत्या. "लिवल्यावर सोडत्यात. येईल आता. बसा वाईच, तुमीबी दमल्या."

गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. लतिकाने त्याला हाताने थांबायची खूण केली आणि ती चिंचेच्या सावलीत अंबूबाईच्या शेजारी टेकली.

अंबूबाई सरकली. पण लतिकाला जवळ घेण्यासाठी सरकतात तशी नव्हे, पलीकडे सरकली. फडक्याने मधली माती झटकली आणि एक भाकरी तिथे ठेवली. दोघींच्या मध्ये जागा राहिली ती जेमतेम दीड हात.

उन्हाची तिरीप लतिकाच्या पाठीवर येत होती. मधल्या जागेवर गर्द सावली होती. लतिका तिकडे सरकली नाही.